दिग्रस : कधी, कुठे, किती वाजता

सत्यशीलाबाई मनवर यांचा मेसेज रोज सकाळी सव्वासहाला येतो आणि दिग्रसमधली हजारभर माणसं चहाच्या आधी तो वाचतात. माझं बस स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. शटर वर करायच्या आधीच मला कळलेलं असतं की आज कोणाचं उद्घाटन आहे, कुठे शिबिर आहे, कोणत्या भागात नळ येणार नाही आणि कोणत्या दुकानदारानं काय थाप मारली आहे.

एक नमुना देतो. "मंगळवार, सकाळी दहा. जुन्या बाजारात चपलांचं नवीन दुकान सुरू होत आहे. पन्नास टक्के सूट आहे असं मालक सांगतात. मी दोन जोड्यांची जुनी किंमत विचारली. मालकांना आठवली नाही. चपला दिसायला चांगल्या आहेत. जय भीम, नमस्कार."

दुसरा. "सायंकाळी पाच वाजता आर्णी रोडवर जिमचं उद्घाटन. यंत्रं सहा आहेत, त्यातली चार चालतात. उरलेली दोन सोमवारपर्यंत चालू होतील असं सांगितलं आहे. सोमवारी पाहून कळवीन." आणि सोमवारी त्या खरंच स्कूटीवरून गेल्या आणि कळवलं : "पाचवं चालू झालं."

बाई अंगणवाडी सेविका होत्या. एकतीस वर्षं त्यांनी लहान पोरांची वजनं केली आणि रजिस्टरात लिहिली. पोराची आई कितीही म्हणाली, "बाई, बारा किलो लिहा ना, सासू पाहाते," तरी काटा साडेदहा म्हणत असेल तर बाई साडेदहाच लिहायच्या. निवृत्तीनंतर वजन करायला पोरं राहिली नाहीत, तेव्हा त्यांनी गाव घेतलं.

निमित्त झालं एका डोळे तपासणीच्या शिबिराचं. पुसद रोडला मोठा फलक लागला होता : मोफत नेत्रतपासणी, येत्या रविवारी. बाईंनी गल्लीतल्या पाच म्हाताऱ्या दोन ऑटोंत बसवल्या आणि रविवारी नेल्या. तिथे एक कुत्रं आणि एक चौकीदार होता. चौकीदार म्हणाला, शिबिर तर मागच्या रविवारी झालं, फलक काढायचा राहिला. बाईंनी फलक पुन्हा वाचला. त्यावर तारीखच नव्हती. 'येता रविवार' दर सोमवारी नव्यानं सुरू होत होता. त्या पाच म्हाताऱ्या परत येताना ऑटोत जे काही बोलल्या, ते ऐकून बाईंनी त्याच संध्याकाळी ग्रुप काढला. नाव ठेवलं, 'दिग्रस : कधी, कुठे, किती वाजता'.

ग्रुपला नियम होते. गुड मॉर्निंग चालणार नाही. 'येत्या' हा शब्द चालणार नाही, तारीख लागेल. बाईंनी स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय काही छापलं जाणार नाही; त्या 'छापणं'च म्हणतात. आणि सगळ्यात अवघड नियम 'भव्य' या शब्दाचा होता.

त्याचं असं झालं, की एका भव्य सत्कार समारंभाला बाई गेल्या तर तिथे अकरा माणसं होती. त्यांतल्या चौघांचा सत्कार होता, पाच जण सत्कार करणारे होते, एक जण माइकवाला आणि अकराव्या बाई. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, की दोनशे खुर्च्या असतील तरच भव्य. खुर्च्यांचा आकडा त्यांना धरमसिंग राठोडकडून मिळायचा. गावातल्या निम्म्या कार्यक्रमांच्या खुर्च्या आणि मंडप त्याचे असतात, शिवाय फुलोरा मंगल कार्यालयही तोच सांभाळतो. आयोजक येऊन "भव्य लिहा" म्हणाले की बाई त्यांच्यासमोरच धरमसिंगला फोन लावायच्या.

"किती सांगितल्या?"

"साठ, बाई."

बाई फोन ठेवायच्या आणि आयोजक खाली मान घालून "बरं, नुसतं सत्कार समारंभ लिहा" म्हणायचे. दुकानदारांना बाईंचा राग यायचा, पण त्यांच्याशिवाय चालायचंही नाही. गावाचा विश्वास त्या एकाच मेसेजवर होता. बाईंनी "जिलेबी ताजी आहे" असं लिहिलं की दुपारपर्यंत जिलेबी संपायची.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर घरातलंच दुकान निघालं.

बाईंची सून रुपाली पुसदची. मुलगा अतुल वीज मंडळात, तो सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. रुपालीला केक करायची आवड. तीन महिने एसटीनं यवतमाळला जाऊन तिनं क्लास केला आणि माझ्या शेजारी, जिथे आधी सायकल दुरुस्ती होती, तिथे केकचं दुकान टाकायचं ठरवलं. दोन दिवस आधी तिनं सासूच्या हातात कागद दिला. त्यावर लिहिलं होतं : भव्य उद्घाटन, दिग्रसमधील सुप्रसिद्ध रुपाली केक्स.

पुढचं बोलणं मला उकंडरावांनी सांगितलं. उकंडराव म्हणजे बाईंचे यजमान. ते जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होते. घरात नवरा-बायको दोघंही काट्यावरचे. पण बाईंचा काटा निवृत्तीनंतरही चालू राहिला आणि उकंडरावांनी आपला कायमचा बंद केला. ते रोज दुपारी माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसतात.

"सुप्रसिद्ध कशी?" बाईंनी विचारलं. "अजून उघडलं नाई."

"उघडल्यावर होईनच ना, आई."

"मंग झाल्यावर लिहू."

"अन् भव्य? तुमच्या घरचं दुकान हाय. आता अठीबी खुर्च्या मोजता का?"

"मोजल्या. दोन मावते. तिसरी ठेवली तं फ्रिज उघडत नाई."

रुपाली म्हणाली, तुम्हाला जे लिहायचं ते लिहा. रागानं म्हणालेली गोष्ट बाईंनी परवानगी समजून घेतली. गुरुवारी सव्वासहाला मेसेज आला : "आज सकाळी अकरा वाजता बस स्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, रुपाली अतुल मनवर यांचं केकचं दुकान सुरू होत आहे. दुकान दहा बाय आठ आहे. एका वेळी तीन जण उभे राहू शकतात. चार प्रकारचे केक आहेत. पायनॅपलचा चांगला आहे. चॉकलेटचा मध्ये थोडा खाली बसतो. मालकीण माझी सून आहे, तरी कमी-जास्त वाटल्यास स्वतः जाऊन पाहावं. जय भीम, नमस्कार."

अकरा वाजता रस्त्यावर गर्दी. इतकी, की माझ्या दुकानात यायला माणसाला जागा नव्हती. पण आलेला प्रत्येक माणूस चॉकलेटचाच केक मागत होता. खरंच बसतो का, ते पाहायचं होतं. काही जण तर घेण्याआधी मध्ये बोट लावून पाहात होते. दीड वाजेपर्यंत चॉकलेटचा एकही केक उरला नाही. कोणीही दुकानदार खूश झाला असता. रुपालीनं शटर अर्धं ओढलं, आत स्टुलावर बसली आणि मला म्हणाली, "सर, माह्या जन्मात मी इतका अपमान नाई पाह्यला. अन् तो बी घरच्या मान्सानं, नमस्कार करून."

संध्याकाळी तिनं सासूचा ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवशी स्वतःचा काढला. नाव 'भव्य दिग्रस'.

त्या ग्रुपला नियम एकच होता, की नियम नाही. ज्याला जे टाकायचं ते टाका. आठ दिवसांत सहाशे माणसं झाली. इतकी वर्षं साठलेले सगळे भव्य बाहेर पडले. भव्य पिको-फॉल सुरू झालं. भव्य दाढी-कटिंगमध्ये एक खुर्ची वाढली. एका दवाखान्यानं भव्य दातकाढणी सप्ताह जाहीर केला. त्याला कोणी गेलं नाही. बाईंचा सव्वासहाचा मेसेज चालूच होता, पण लोक आता तो वाचून लगेच दुसरीकडे वळायचे, तिकडे काय रंग आहे ते पाहायला. मीही वळायचो, खोटं कशाला सांगू.

घरात मात्र पंचाईत उकंडरावांची झाली. सासू-सुनेत भांडण असं झालंच नाही. दोघी आपापली कामं करत होत्या, एकमेकींच्या ताटात वाढत होत्या, फक्त बोलत नव्हत्या. जे बोलायचं ते उकंडरावांमार्फत.

"तिले सांगा, गॅस संपत आला."

"आईले सांगा, नंबर लावला."

तिघंही एकाच खोलीत. उकंडराव मला म्हणाले, "सर, जिनिंगमध्ये मी दिवसाले शंभर गाड्या मोजल्या, पन असा थकलो नाई. अठी तं नुसतं बसल्या जागी दोघींचा माल इकून तिकडे न्या लागते." आणि मी मागवलेल्या चहात ते आणखी एक चमचा साखर टाकून घ्यायचे.

अशात रुपालीनं आपल्या ग्रुपवर जाहीर केलं : भव्य मिष्टान्न स्पर्धा. रविवारी सकाळी दहा, फुलोरा मंगल कार्यालय. घरून एक गोड पदार्थ करून आणायचा. परीक्षण ज्येष्ठ परीक्षक करतील. हे परीक्षक म्हणजे तिच्या क्लासच्या दोन मॅडम, त्या यवतमाळहून येणार होत्या.

त्याच ग्रुपवर दुसऱ्या दिवशी आणखी एक पोस्ट पडली. तहसीलमधून निवृत्त झालेले अव्वल कारकून श्रीकृष्णराव हे आमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष. त्यांची पुतणी आभा नुकतीच यवतमाळला डॉक्टर झाली होती, ती मोफत शुगर तपासायला येणार होती. श्रीकृष्णराव आधी सत्यशीलाबाईंकडेच गेले होते. पण बाईंनी सुई प्रत्येकाला नवीन का, रिपोर्ट लेखी मिळेल का, औषध कोण सांगेल, असे नऊ प्रश्न विचारले. श्रीकृष्णराव म्हणाले, इतके प्रश्न मी नोकरीतसुद्धा कोणाला विचारले नाहीत. मग त्यांनी तिकडे टाकलं : भव्य मधुमेह तपासणी शिबिर, रविवारी सकाळी दहा, फुलोरा मंगल कार्यालय, सर्वांनी उपाशीपोटी यावे.

फुलोरा दोन मजली आहे. धरमसिंगनं विचार केला होता की म्हातारे खाली आणि बायका वर. चूक काहीच नव्हती. फक्त शनिवारी त्यानं वरच्या हॉलला रंग मारला आणि आभाळ आल्यामुळे तो वाळला नाही.

बाईंना शनिवारीच संशय आला होता. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "तिले सांगा, फुलोऱ्यात उद्या शुगरवाले बी येऊन राह्यले. धरमसिंगले विचारून घे म्हना."

"सांगतो," उकंडराव म्हणाले आणि दुपारचे झोपले. उठल्यावर त्यांना एवढंच आठवलं की काहीतरी सांगायचं होतं. गॅसचं असावं म्हणून त्यांनी सुनेला गॅसचं सांगितलं.

रविवारी सव्वासहाला बाईंचा मेसेज आला : "फुलोरा मंगल कार्यालयात आज दहा वाजता दोन कार्यक्रम आहेत असं ऐकते. एकात गोड खायचं आहे, एकात उपाशी यायचं आहे. दोन्ही एका ठिकाणी कसे होतील ते मला समजलं नाही. विहारातून परत येताना पाहून कळवते."

मी त्या दिवशी दुकान बंद ठेवून फुलोऱ्यात गेलो. मला शुगर नाही, पण असं काही चुकवायची माझी तयारी नव्हती.

खालच्याच हॉलमध्ये एका भिंतीला लागून टेबलं आणि त्यांवर त्रेसष्ट ताटं. गुलाबजाम, बालुशाही, मुगाचा हलवा, पाकातल्या पुऱ्या, शेवयांची खीर, पुरणपोळ्यांची चळत, दीपा इंगोलेनं तळलेली कोहळ्याची गोड बोंडं, आणि त्यांच्या मागे छान नेसून उभ्या असलेल्या त्रेसष्ट बायका. समोरच्या भिंतीला लागून खुर्च्या, आणि त्यांवर रांगेनं साठ-सत्तर म्हातारी माणसं, सकाळपासून उपाशी. मध्ये दहा पावलांचं अंतर. उकंडराव पण त्या रांगेत होते. बाईंनीच त्यांना चहाही न देता पाठवलं होतं.

क्लासच्या मॅडमची बस दारव्ह्याजवळ बंद पडली होती. डॉक्टर आभाला निघायलाच उशीर झाला होता. रुपाली बाहेर पायऱ्यांवर उभी राहून मोबाइलवर लाइव्ह करत होती. साडेदहापर्यंत म्हाताऱ्यांनी दम काढला. मग श्रीकृष्णराव उठले. टेबलांकडे गेले, हात मागे बांधून पहिल्या ताटापाशी थांबले आणि म्हणाले, "अध्यक्ष म्हणून पाहणी करणं माझं कर्तव्य आहे."

बायकांना वाटलं, हेच ज्येष्ठ परीक्षक. ज्येष्ठ तर ते दिसतच होते. पहिल्या बाईनं लगेच वाटीत हलवा घालून दिला. श्रीकृष्णरावांनी पाहणी केली. दुसरीनं गुलाबजाम दिला, त्याचीही केली. खुर्च्यांवरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. त्यांच्यातले एक आजोबा जाणकार होते. ते म्हणाले, "अरे, मी यवतमाळले तपासाले गेलतो तं त्यायनं आधी गोड पानीच पाजलं मले. गोड खाल्ल्याबिगर शुगर दिसन कशी?" एवढं शास्त्र पुरेसं होतं. रांगच्या रांग उठली.

सगळ्यात आधी पोचली सुखीबाई, धरमसिंगची आई. वय ऐंशीच्या पुढे. तिनं चमचा नाकारला. गुलाबजाम पाकातून हातानं उचलायचा, खायचा, बोटं चाटायची आणि पुढच्या ताटाकडे जायचं, अशी तिची पद्धत होती. बायका खूश होत्या. इतके मन लावून खाणारे परीक्षक त्यांनी पाहिले नव्हते. फक्त उकंडराव खुर्चीवर बसून राहिले. मी विचारलं, काहून हो, तुम्ही नाही उठले? ते म्हणाले, "सुनेचा कार्यक्रम हाय अन् बायकोचा हुकूम हाय. मी जागचा हललो तं दोन्हीकून मरन."

सव्वाअकराला आभा आली. म्हातारी माणसं तोपर्यंत पुन्हा शहाण्यासारखी रांगेत बसली होती. तिनं मशीन काढलं, बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली. पहिला आकडा तीनशे बारा. दुसरा तीनशे अठ्ठ्याऐंशी. तिसरे काका चारशे पाच. आभानं मशीन बदललं. दुसऱ्यावर चारशे वीस. पोरगी नवीन, तिच्या कपाळावर घाम. मग सुखीबाई बसली. चारशे नव्वद.

"आजी, चक्कर येते का?"

"येते ना."

"कधी येते?"

"भूक लागली का येते."

"तहान लागते?"

"उन्हात गेलं का लागते."

आभानं चौदा नावांची यादी केली आणि काकांना बाजूला घेऊन सांगितलं, यांना ताबडतोब यवतमाळला न्यावं लागेल. श्रीकृष्णरावांनी यादी वाचली. पहिलं नाव त्यांचंच होतं. ते मटकन खुर्चीत बसले. धरमसिंगनं ऑटो बोलावला, "याडी, ऊठ," म्हणत आईला उचलून आत बसवलं आणि रडायला लागला. सुखीबाईनं एक पुरणपोळी सोबत घेतली होती. तिला वाटलं, लग्नाला जायचं आहे.

आणि तेवढ्यात कोणीतरी 'भव्य दिग्रस'वर टाकलं : मिष्टान्न स्पर्धेत विषबाधा, चौदा जण अत्यवस्थ. पाच मिनिटांत दुसऱ्यानं सव्वीस केले. तिसऱ्यानं खाली रुपाली केक्सचा फोटो लावला. रुपालीनं लाइव्ह बंद केलं आणि मोबाइलकडे पाहात पायरीवरच बसली. तो मेसेज काढून टाकायचा, हेही तिला सुचेना. स्पर्धेत तिचा एकही केक नव्हता. पण ग्रुप तिचा होता आणि तिथे काहीही टाकायची मुभा तिनंच दिली होती.

बाईंची स्कूटी त्याच वेळी आली. पांढरी साडी, हातात वही. त्यांनी सुनेकडे पाहिलं, ऑटोकडे पाहिलं आणि सरळ ऑटोपाशी गेल्या.

"काय झालं हिले?"

"शुगर चारशे नव्वद," धरमसिंग म्हणाला.

बाईंनी सुखीबाईचा हात हातात घेतला. घेतला तो सुटेना, इतका चिकट होता. बाई क्षणभर त्या हाताकडे पाहात राहिल्या. मग वळून त्यांनी विचारलं, "डॉक्टर कोन हाय?"

आभा पुढे आली.

"बेटा, तपासाच्या आधी या लोकायचे हात धुतले का?"

"स्पिरिट लावलं, मावशी."

"सुखीबाईनं या हातानं गुलाबजाम खाल्ले. पाक अजून बोटाले हाय. तू रक्त तपासलं का पाक तपासला?"

आभाचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम हलका झाला. ती म्हणाली, "अहो, हे मला शिकवलं होतं." बाई म्हणाल्या, "मी एकतीस वर्षं शिकवलं, तरी लोकं विसरते."

मग मी जे पाहिलं ते मला फार आवडलं. बाईंनी साठ-सत्तर म्हाताऱ्या माणसांना फुलोऱ्याच्या हात धुवायच्या नळांपाशी रांगेत उभं केलं. साबण लावा, बोटांच्या मधात चोळा, नखं दाखवा. निवृत्त मास्तर, दोन व्यापारी, अव्वल कारकून, सगळे तळहात पुढे करून उभे. ज्यांनी खाल्लं त्यांनी एकीकडे, नाही खाल्लं त्यांनी दुसरीकडे. श्रीकृष्णराव न खाल्लेल्यांच्या रांगेत शिरले. बाईंनी त्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं. त्यात बालुशाही होती. ते गुपचूप पलीकडे गेले.

सुखीबाईची शुगर आली एकशे सेहेचाळीस. इतकं गोड खाल्ल्यावर ही तर माझ्यापेक्षा चांगली आहे, असं आभा म्हणाली. धरमसिंगनं रडणं थांबवून ऑटोवाल्याला हलवा दिला. चौदातले बारा जण हात धुऊन मोकळे झाले. दोघांचा आकडा खराच जास्त निघाला.

"तुमीबी करून घ्या," बाई उकंडरावांना म्हणाल्या. "आलेच आहात तं."

"मी कशालेच हात नाई लावला."

"म्हनून तं. खरा आकडा येईन."

उकंडरावांनी हात धुतले, बसले. दोनशे बासष्ट. आभानं पुन्हा धुवायला लावले. दोनशे एकोणसाठ. तिनं विचारलं, खूप तहान लागते का, थकवा येतो का. उकंडराव म्हणाले, येतो, पण मी तो या दोघींमुळे समजत होतो.

 बाईंनी वहीत आकडा लिहायला पेन उघडलं होतं, ते पुन्हा बंद केलं. साऱ्या गावाची मोजदाद ठेवणाऱ्या बाईंनी घरातल्या माणसाचं माप कधी घेतलं नव्हतं. त्या तशाच उभ्या होत्या, तेव्हा रुपाली आत आली. तिनं सासऱ्यांचा कागद पाहिला आणि तिचे डोळे भरले.

बाईंनी तिच्याकडे मोबाइल धरला. "मले घे तुह्या ग्रुपात," त्या म्हणाल्या. तेवीस दिवसांनंतरचं त्यांचं तिच्याशी हे पहिलं वाक्य. "खोटी बातमी तठी पडली, तं खरी बी तठीच टाका लागन."

रुपालीनं घेतलं. आणि बाईंनी उभ्याउभ्या टाइप केलं : "रविवार, दुपारी साडेबारा, फुलोरा मंगल कार्यालय. विषबाधा झालेली नाही. चौदा जणांची शुगर जास्त दिसली होती, त्यातल्या बारा जणांची हात न धुतल्यामुळे. हात धुतल्यावर ते बरे झाले. पदार्थ सगळे चांगले आहेत, मी नऊ खाऊन पाहिले. रुपाली मनवर यांचा एकही केक स्पर्धेत नव्हता, त्यांची बदनामी करू नये. स्पर्धा चालू आहे. ज्यांना यायचं त्यांनी हात धुऊन यावं. जय भीम, नमस्कार."

दुपारी तीनपर्यंत अर्धं गाव फुलोऱ्यात येऊन गेलं. मॅडम पोचल्या तेव्हा ताटं रिकामी होती, म्हणून निकाल म्हाताऱ्यांनीच दिला. पहिला नंबर दीपा इंगोलेच्या बोंडांना. सुखीबाईनं निकाल मान्य केला नाही. तिचं म्हणणं पडलं की एका फेरीत असं ठरवता येत नाही.

दोन्ही ग्रुप अजून आहेत. रुपालीकडे आता काही टाकायचं तर आधी तिला फोन करावा लागतो आणि ती म्हणते, थांबा, पाहून येते. बऱ्याचदा दोघी एकाच स्कूटीवर जातात. एका कपड्याच्या दुकानदारानं मला सांगितलं, "एक होती तेव्हा परवडत होतं."

पण घरातला निरोप्या गेला. उकंडराव आता विषय झाले होते, आणि विषयामार्फत त्याच्याबद्दलच बोलता येत नाही. दोघींना समोरासमोर बोलावं लागलं. भाकरी किती, भात किती, गोळी घेतली का, फिरून आले का. "आधी दोघी माह्यातून बोलत," उकंडराव बाकावर बसून म्हणाले. "आता माह्यावर बोलते. मले तं भांडन होतं तेच बरं होतं." मी चहा सांगणार होतो, पण त्याच सकाळी दोन्ही ग्रुपवर मेसेज येऊन गेला होता, की बस स्टँड परिसरात श्री. उकंडराव मनवर यांना कोणी साखरेचा चहा पाजू नये. बाईंच्या ग्रुपवर एवढंच होतं. रुपालीनं खाली त्यांचा फोटो पण लावला होता.

मागच्या महिन्यात ते वैतागून फुलसावंगीला बहिणीकडे गेले. घरात सांगितलं, भेटायला जातो. मला सांगितलं, "चार दिवस मनासारखा चहा पितो." संध्याकाळच्या एसटीनं परत आले. मी विचारलं, एवढ्यात कसे?

"बहिणीनं बिनसाखरेचा चहा देला," ते म्हणाले. "अन् वरतून भोपळ्याची भाजी. रुपालीनं तिले आठ दिवस आधीच ग्रुपात घेतलं."

 मग ते बाकावरून उठून पायी घराकडे निघाले. डॉक्टरनं रोज तेवढं चालायला सांगितलं आहे.